चेहरा बदला, पण आधी कारभार नीट सुपूर्द करा

प्रति,
वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख आणि मालिकेचे निर्माते,
मुंबई.

सप्रेम नमस्कार.

आपली सुपरहिरो मालिका आठव्या वर्षात आहे. तिच्याबद्दल आपण नुकतेच जे प्रसिद्धिपत्रक काढले, त्यात चार निर्णय एका दमात सांगून टाकले आहेत. नायकाचे काम करणारा कलाकार महिनाअखेर मालिका सोडतो आहे आणि त्याच भूमिकेत नवा चेहरा येतो आहे. पटकथा नव्या लेखकांकडे गेली आहे. व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर दृश्यचमत्कार घडवण्याचे काम नव्या स्टुडिओला दिले आहे. आणि पाच वर्षांची लीप घेऊन, म्हणजे कथा एकदम पाच वर्षे पुढे नेऊन, एक बालनायक आणला जाणार आहे. प्रेक्षकांनी असेच प्रेम करत राहावे, ही शेवटची ओळ. हे सगळे कसे होणार, याबद्दल मात्र पत्रकात एक शब्द नाही.

आम्ही पोशाख, वायर (कलाकाराला तारांवर उडवणारे), व्हीएफएक्स आणि कंटिन्युइटी (आधीच्या भागांशी पुढचे जुळते ठेवणारे) या खात्यांत काम करणारी माणसे. आमची रोजी या मालिकेवर आहे आणि पडद्यावर जे उडते, चमकते, कोसळते त्यातले बरेचसे आमच्या हातचे आहे. पत्राखाली नावे नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाचे नाव खुल्या पत्राखाली आले की पुढच्या कॉल शीटवर, म्हणजे कामावर बोलावलेल्यांच्या यादीत, ते येत नाही, हे गोरेगावच्या चित्रनगरीत कोणालाही विचारा.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. कलाकाराने मालिका सोडू नये, लेखक बदलू नयेत असे आमचे म्हणणे नाही. आठ वर्षे एकच पोशाख घालून बारा-बारा तासांच्या शिफ्ट केलेल्या माणसाला दुसरे काही करावेसे वाटले तर तो त्याचा हक्क आहे. आमची तक्रार बदलाच्या रीतीबद्दल आहे.

चेहरा बदलल्याने सुपरहिरो मरत नाही, याचे दाखले हवे तेवढे आहेत. जपानमध्ये १९७१ साली ‘कामेन रायडर’ सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत नायकाचे काम करणारे हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडले, पाय मोडला. निर्मात्यांनी त्यांच्यासारखा दिसणारा कोणी आणून तीच भूमिका त्याला चिकटवली नाही. जुनी दृश्ये जोडून काही भाग निभावले, मग नायक शत्रूशी लढायला परदेशी गेला असे सांगून दुसरा रायडर उभा केला. हा दुसरा रायडर म्हणजे ताकेशी सासाकी. त्यांच्याकडे मोटरसायकलचा परवाना नव्हता, आणि पहिल्या रायडरचे रूपांतर तर धावत्या मोटरसायकलवर, वाऱ्याच्या जोरावर होत असे. तेव्हा जागेवर उभे राहून, हात फिरवून रूप बदलण्याची पोझ बसवली गेली. पुढे तीच पोझ ‘कामेन रायडर’च्या सगळ्या मालिकांची ओळख झाली. फुजिओका बरे होऊन परतले तेव्हा दोन्ही रायडर एकत्र लढले. अडचण आली, ती गोष्टीत घेतली, आणि गोष्ट वाढली.

अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’च्या दुसऱ्या पर्वात तीन कलाकार मानधनाच्या वादावरून गेले. त्यांची शक्ती नव्या तिघांकडे सोपवली जाते, असा प्रसंग रीतसर लिहून दाखवला गेला. तरुण सुपरमॅनच्या ‘स्मॉलव्हिल’मधून सातव्या पर्वानंतर, २००८ साली, मालिका घडवणारे दोघेही गेले आणि खलनायक लेक्स लूथरचे काम करणारे मायकेल रोझेनबाऊमही गेले. इतके होऊनही ती मालिका आणखी तीन पर्वे चालली. तिची सूत्रे ज्यांच्या हाती आली ते त्याच मालिकेवर वर्षानुवर्षे लिहिणारे लेखक होते, बाहेरून आणलेले नव्हते. हा भाग आपण दोनदा वाचावा अशी विनंती आहे.

आपल्याकडे ‘शक्तिमान’ १९९७ ते २००५ चालली. गीता विश्वासची भूमिका आधी किटू गिडवानी यांनी केली, नंतर वैष्णवी महंत यांनी. पात्र तेच राहिले, तिची बातमीदारी तीच राहिली, म्हणून लोकांनी नवी गीता स्वीकारली.

आता आपले काय चालले आहे ते बघू.

अपघात होतो, तोंडाला बँडेज, बँडेज सुटते आणि आतून नवा नट निघतो, असा ट्रॅक, म्हणजे कथानक, ठरल्याचे फ्लोअरवर सगळ्यांना माहीत आहे. सासू-सुनेच्या मालिकेत हे खपून जाते. इथे अडते, कारण आपल्या गोष्टीतला खलनायक नायकाला आवाजावरून ओळखतो. शंभरावर भागांत हे दाखवले आहे. प्लास्टिक सर्जरीने आवाज बदलत नाही, आणि उंची तर मुळीच वाढत नाही. नवा कलाकार चार इंच उंच आहे. आठ वर्षांच्या पोरालाही हे दिसणार. मुखवटा घालणाऱ्या नायकाला वारसदार नेमण्याची सोय जन्मतःच असते. ती सोडून बँडेज कशाला?

त्याहून मोठा घोळ प्रोमोत झाला आहे. आपल्या नायकाच्या शक्तीला एक किंमत आहे. जितका वेळ शक्ती वापरेल, तितका वेळ त्याला नंतर ऐकू येत नाही. मालिकेतले बहुतेक चांगले प्रसंग या एका नियमातून निघाले. मागून येणारी गाडी, दाराआडची हाक, बहिणीशी चाललेले खुणांचे बोलणे, सगळे त्यातलेच. साउंड खात्याने त्यासाठी खास बहिरेपणाचा ट्रॅक बनवला आहे. आधी वरचे स्वर कापले जातात, मग फक्त श्वास आणि छातीचे ठोके उरतात. नव्या तीस सेकंदांच्या प्रोमोत नायक पूल उचलतो आणि पुढच्याच शॉटमध्ये फोनवर बोलतो. प्रोमो कोणी लिहिला हे आम्ही विचारत नाही. लिहिणाऱ्याला नियम कोणी सांगितलाच नाही, हे उघड आहे.

हे नियम कुठे असतात? वाहिनीकडे ‘बायबल’ म्हणून जी फाईल आहे, ती पहिल्या वर्षीची. तिच्यात पात्रांची नावे आणि स्वभाव आहेत. पुढच्या वर्षांचे ज्ञान कंटिन्युइटीच्या रजिस्टरमध्ये आणि जुन्या लेखकांच्या डोक्यात आहे. डेली मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, त्यामुळे एक माणूस गेला की एक तृतीयांश हिस्सा जातो आणि तिघे एकदम गेले की काहीच उरत नाही. सुपूर्द करायच्या कागदांत निदान इतके हवे: प्रत्येक शक्ती, तिची मर्यादा आणि तिची किंमत, नायकाची खरी ओळख कोणाला, कोणत्या भागात कळली आणि कोणाची ती आठवण पुढे पुसली गेली, कोण मेले, कोणाचे प्रेत दाखवलेच नाही, कोणती वस्तू शेवटची कोणाच्या हातात होती, आणि उघडे राहिलेले धागे. यातल्या दुसऱ्या नोंदीत सगळ्यांत जास्त चुका होतात. एखादे पात्र जे विसरले आहे ते त्याच्याच तोंडी घातले की पुढचे चार भाग खुलासे करण्यात जातात, आणि बँकेत, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या साठ्यात, एपिसोड नसताना ते खुलासे सेटवर, लायटिंग होईपर्यंत लिहिले जातात.

पोशाखाबद्दल आपल्या कचेरीतून आलेला निरोप असा आहे की जुना सूट अल्टर करून घ्या. अंधेरीतल्या एसी खोलीत बसून हे सोपे वाटते. सूटचा वरचा थर चारही बाजूंनी ताणला जाणाऱ्या लायक्राचा आहे, तो ताणला जाईल हे खरे. पण त्यावर छापलेले नक्षीकाम ताणले की रंग फिका पडतो, आणि एचडी कॅमेऱ्यात छाती एका रंगाची आणि बाह्या दुसऱ्या रंगाच्या दिसतात. आतला फोमचा स्नायूंचा थर ताणला जात नाही. उंच माणसाच्या अंगावर तो वर चढतो, पोटाच्या रेषा बरगड्यांवर येतात. हार्नेससाठी, म्हणजे वायर अडकवायच्या पट्ट्यांसाठी, कंबरेच्या दोन्ही बाजूंना चिरा ठेवलेल्या असतात, त्याही वर सरकतात. मुखवटा तर जुन्या कलाकाराच्या चेहऱ्याच्या साच्यावरच बनलेला आहे. नाकाचा दांडा आणि गालाची हाडे जुळली नाहीत की डोळ्यांच्या भोकांतून त्वचा दिसते, माणसाला बाजूचे दिसत नाही आणि तो ठेचकाळतो. आणि आठ वर्षे एकाचा घाम प्यायलेला फोम दुसऱ्याच्या अंगावर चढवणे हा त्वचेच्या डॉक्टरचा विषय आहे, शिंप्याचा नाही.

नवा सूट म्हणजे नवे लाइफ कास्ट, कलाकाराच्या अंगावरून घेतलेला साचा. अंगावर प्लास्टरच्या पट्ट्या, चेहऱ्याला आल्जिनेट हा साच्याचा मऊ लगदा, त्यावरून धडाची प्रतिकृती, प्रतिकृतीवर मातीचे स्नायू, त्याचा साचा, साच्यातून फोम, मग कापड, छपाई, शिवण, फिटिंग. आणि एक सूट शिवून भागत नाही. जवळच्या शॉटसाठी एक, मारामारीसाठी एक, वायरसाठी चिरांचा एक, राखीव एक, आणि डबलच्या, म्हणजे धोक्याचे शॉट देणाऱ्या बदली माणसाच्या, मापाचा वेगळा. कापड एकाच रंगाईच्या गठ्ठ्यातले घ्यावे लागते. मंगलदास मार्केटमधून तोच रंग पुन्हा आणला तरी छटा बदलते. छातीवरच्या दिव्याची एलईडी पट्टी लॅमिंग्टन रोडवर केव्हाही मिळते, पण तिचा पांढरा जुन्याशी जुळला पाहिजे, नाहीतर कलर करेक्शनवाला रोज शिव्या देतो. हे सगळे नीट करायला पाच आठवडे लागतात, जीव तोडून तीन. आपण दिले आहेत नऊ दिवस, तेही जुलैत. पावसाळी हवेत चिकट सोल्युशन सुकताना वर बाष्पाचा पातळ थर धरतो, चिलखताचे तुकडे चिकटल्यासारखे वाटतात आणि पहिल्याच लाथेला सुटतात. साचे वाळत नाहीत. ओला सूट पिशवीत ठेवला की दोन दिवसांत बुरशी.

घाई असेल तर तीही गोष्टीत घेता येते. ‘बॅटवुमन’ या अमेरिकी मालिकेत पहिल्या पर्वानंतर नायिकेचे काम करणाऱ्या रूबी रोझ गेल्या. त्याच पात्राला नवा चेहरा न देता नवे पात्र आणले, ते काम जाविशिया लेस्ली यांनी केले. नव्या नायिकेने सुरुवातीला आधीचाच सूट वापरला आणि मग तो आपल्यासारखा करून घेतला, हे कथेतच घडले. पोशाख खात्याला वेळ मिळाला आणि प्रेक्षकांना प्रसंग मिळाला.

वायरचा मुद्दा वेगळा आहे, कारण तिथे चूक झाली तर माणूस दवाखान्यात जातो. उडण्याच्या शॉटमध्ये कलाकार हार्नेसच्या कंबरेवरच्या दोन बिंदूंवर तोललेला असतो. हे बिंदू त्याच्या शरीराच्या गुरुत्वमध्याच्या रेषेत हवेत. थोडे वर गेले तर पाय खाली लोंबतात, थोडे खाली आले तर डोके खाली जाते आणि तो पालथा होतो. उंची, वजन, खांद्यांची रुंदी बदलली की सगळा तोल पुन्हा लावावा लागतो. खाली दोर ओढणाऱ्या पोरांच्या हाताला जुन्या कलाकाराच्या वजनाची सवय आहे. किती ओढ दिली की किती उचलला जातो हे त्यांचे हात जाणतात. म्हणून नव्या माणसाच्या वजनाइतकी वाळूची पोती आधी उडवायची, मग डबल, मग कमी उंचीवर तो स्वतः, आणि मगच पूर्ण उंची. शिवाय उडण्याची पोझ दिसायला सोपी, धरायला कठीण. मान, पाठ आणि पोट यांनीच शरीर आडवे धरायचे असते. तयारी नसलेला माणूस काही सेकंदांत मधोमध वाकतो. हार्नेसचे पट्टे जांघेत रुततात, म्हणून दोन टेकमध्ये खाली उतरवणे हा लाड नाही, गरज आहे. नव्या कलाकाराच्या वेळापत्रकात वायरच्या तालमीला एकही दिवस नाही. पहिल्या दिवसाचा पहिलाच सीन मात्र गच्चीवरून झेप घेण्याचा लावला आहे.

व्हीएफएक्सबद्दल थोडक्यात. बावीस मिनिटांचा भाग सेकंदाला २५ फ्रेमने ३३,००० फ्रेमचा होतो. त्यातला चार सेकंदांचा एक उडण्याचा शॉट म्हणजे १०० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममधून वायर पुसायची. जुन्या स्टुडिओकडे नायकाच्या शक्तीचा निळा झोत, ढालीची लाट, डोळ्यांची चमक हे सगळे तयार प्रोजेक्टच्या रूपात आहे. तयार व्हिडिओ मिळाला म्हणजे ते मिळाले असे होत नाही. मूळ प्रोजेक्ट फायली, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, कोणते प्लगइन, रंगांचे आकडे हे सगळे हातात यावे लागते. ते न आल्याने नव्या स्टुडिओने डोळ्यांनी बघून झोत पुन्हा बनवला. प्रोमोत तो जांभळा दिसतो. सूटच्या कडेला हिरवी पायपिंग, म्हणजे बारीक गोट, आहे हेही त्यांना कोणी सांगितले नाही. हिरव्या पडद्यासमोर चित्रीकरण केले, संगणकावर पडद्याचा रंग काढताना पडद्याबरोबर पायपिंगही गायब झाली, आणि आता ती हाताने भरून काढण्यात पोरांच्या रात्री चालल्या आहेत. निळा पडदा लावला असता तर झोताचा निळा प्रकाशही तसाच पुसला गेला असता. म्हणून जुनी रीत अशी होती की निळ्या पडद्यावर झोताचा दिवा लावायचाच नाही, तो नंतर टाकायचा. एका फोनवर मिळणारी माहिती होती.

सोडून जाणाऱ्या कलाकाराचे त्रिमितीय स्कॅन आणि आवाजाच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर आहेत. धोक्याच्या शॉटसाठी ते केले होते, त्याच्या संमतीने. आता बँडेजच्या ट्रॅकमध्ये जुना चेहरा ‘आठवणीत’ दाखवायला तेच स्कॅन वापरायचे ठरत असल्याचे ऐकतो. कलाकाराच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर त्याचा हक्क असतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली अनिल कपूर यांच्या प्रकरणात आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अरिजित सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. लेखी परवानगी घ्या, मोबदला ठरवा. तो नाही म्हणाला तर जुनी दृश्ये आहेतच.

बालनायकाबद्दल. कल्पना वाईट नाही. पण बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के हिस्सा मुदत ठेवीत जमा करावा लागतो. मुख्य पात्रच पाच तास मिळणार असेल तर बारा तासांच्या शिफ्टचे गणित आजच मांडा. नाहीतर पोर झोपेला आलेले असते आणि कोणीतरी म्हणते, बस एक शॉट. मेकअप आणि सूट चढवण्यातच तास जातो, तोही या पाचातच धरा.

याच संदर्भात आणखी एक. भागाच्या शेवटी येणारी सुरक्षिततेची सूचना नव्या आराखड्यात काढून टाकली आहे, ती जागा प्रायोजकाला दिली आहे. ‘शक्तिमान’च्या काळात मुले नक्कल करतात यावरून केवढे रान उठले होते हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिच्या भागांच्या शेवटी येणारे ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ लोकांच्या अजून लक्षात आहे. वीस सेकंद आहेत ते. प्रायोजकाला दुसरीकडे बसवा.

आमच्या मागण्या अशा. बँडेजचा ट्रॅक थांबवा आणि नव्या नायकाला वारसदार म्हणून आणा. ते शक्यच नसेल तर निदान आवाजाचा आणि उंचीचा खुलासा लिहून मगच चित्रीकरण करा. जुन्या लेखकांना एक पूर्ण ट्रॅक नव्यांबरोबर बसवा, मानधन देऊन, आणि त्यांची थकलेली बिले नव्वद दिवसांची वाट न बघता त्याआधी चुकती करा. सूटसाठी पाच आठवडे द्या. तोवर बँकेतले भाग, जुनी दृश्ये आणि बाकीच्या पात्रांचे ट्रॅक चालवता येतात, त्याची यादी आम्ही करून ठेवली आहे. वायरच्या तालमीशिवाय नव्या कलाकाराला एक फूटही उचलायचे नाही, आणि उडण्याच्या प्रत्येक दिवशी फ्लोअरवर डॉक्टर आणि बाहेर रुग्णवाहिका हवी. व्हीएफएक्सच्या मूळ फायली जुन्या स्टुडिओकडून पैसे मोजून घ्या. बालकलाकाराच्या तासांची नोंद रोज कॉल शीटवर लिहा. सुरक्षिततेची सूचना परत आणा.

गुरुवारी रेटिंगचे आकडे आले की या सगळ्यावर पुन्हा एक बैठक होईल, आणि तिच्यात आकडा का पडला याचा दोष नव्या कलाकाराच्या माथी मारला जाईल. त्या पोरावर तो अन्याय ठरेल. त्याला कोणी काही शिकवलेलेच नसेल.

उत्तर प्रसिद्धिपत्रकातून नको. शिफ्ट लागण्याआधी निर्णय घेऊ शकणारा एक माणूस फ्लोअरवर पाठवा. कंटिन्युइटीच्या रजिस्टरची छायाप्रत काढून ठेवली आहे, शक्तीच्या नियमांची पाने वेगळी लावली आहेत. सही करून घेऊन जा.

कळावे,
आपल्या युनिटमधली माणसे